हाक, ओ आणि कानांतले बोळे

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत हेडफोन लावून बसलेल्या तरुणाविषयी वडीलधाऱ्यांची जी तक्रार ऐकू येते, ती संगीताविषयीची क्वचितच असते. मुलगा कोणती गाणी ऐकतो, ती चांगली की थिल्लर, जुनी की नवी, याची फारशी चौकशी होत नाही. तक्रार एवढीच असते की, त्याला हाक मारली तर तो ओ देत नाही. कानांत बोळे घालून बसतो. दोन पिढ्यांमधील नित्याची कुरकुर म्हणून ही तक्रार बाजूला सारण्याची सुशिक्षितांची प्रवृत्ती आहे. तथापि, नित्यव्यवहारातील संगीतश्रवणाविषयी गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य व जपानी अभ्यासकांनी जे लेखन केले, त्याच्या शेजारी ही तक्रार ठेवून पाहिली, तर विषयाचे मर्म कोणाच्या हाती अधिक लागले आहे याविषयी शंका उत्पन्न होते. ती शंका येथे तपासावयाची आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. कानांत बोळे घालणे हा वाक्प्रचार यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. बोळा कापसाचा, आणि ज्या जिल्ह्याचे सारे अर्थकारण कापसाभोवती फिरते, तेथे तो हाताशीच असावयाचा. परंतु हा वाक्प्रचार बहिऱ्याला लावीत नाहीत. ज्याला ऐकू येते पण ऐकावयाचे नाही, त्यालाच तो लागू पडतो. म्हणजे त्यात वर्णन थोडे आणि आरोप अधिक आहे. हेडफोन किंवा इअरफोन हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला, यात नवल नाही. मोबाइलही तसाच उचलला. ध्वनी बाहेर फेकणाऱ्या यंत्रांना मात्र मराठीने कर्णा, भोंगा, ध्वनिक्षेपक असे घरचे शब्द दिले. श्रवणयंत्र हा शब्द, जो येथे सहज चालला असता, तो ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या यंत्राकडे आधीच गेला होता. लक्षणीय आहे ती क्रियापदांची निवड. रेडिओ लावतात, दिवा लावतात. लावलेली वस्तू खोलीतल्या सर्वांसाठी असते. हेडफोनही लावतात, पण त्याबरोबरच तो कानांत घालतात आणि वऱ्हाडी बोलणारा तो कानांत टाकतो. अंगावर घालावयाचे दागिने आणि कानांत टाकावयाचे औषध यांच्या वर्गात हे यंत्र भाषेने बसविले आहे. ते दुसऱ्याच्या उपयोगाचे नाही, ही गोष्ट क्रियापदानेच सांगून टाकली.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाक्यरचनेचा आहे. मराठीत ऐकण्याच्या क्रियेला एकच रचना नाही. 'मी ऐकतो' येथे ऐकणारा कर्ता आहे, प्रथमेत आहे, आणि क्रिया त्याच्या इच्छेने घडते. 'मला ऐकू येते' येथे तोच मनुष्य चतुर्थीत जातो. ध्वनी त्याच्याकडे चालून येतो आणि त्याचे कर्तेपण संपते. 'माझ्या कानांवर पडले' येथे तर मनुष्य वाक्याच्या आणखी कडेला सरतो. उरतात ते त्याचे कान, आणि त्यांवर काहीतरी येऊन पडते. खेड्यातील मनुष्याचे दिवसभरातील बहुतेक ऐकणे या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे असते. शेजारचे भांडण, मोटारीचा भोंगा, दवंडी, पावसाची चाहूल, कोणाच्या घरी पाहुणे आले ते, हे सारे कोणी ऐकावयास बसत नाही. ते कानांवर पडते. हेडफोनने जे घडते ते व्याकरणाच्या भाषेत असे मांडता येईल की, तो चतुर्थीतील मनुष्याला प्रथमेत आणतो. जे ऐकू येते ते सारे तोडून केवळ जे ऐकावयाचे तेवढेच शिल्लक ठेवतो. कर्तेपणाचा हा लाभ लहान नाही, आणि त्याची किंमतही लहान नाही.

त्यातच मराठीतील 'ऐकणे' या धातूची एक खोच आहे. तो माझे ऐकत नाही, या वाक्याचा अर्थ त्याला ऐकू येत नाही असा होत नाही. तो आज्ञा मानीत नाही असा होतो. श्रवण आणि आज्ञापालन यांची ही गाठ इतर अनेक भाषांतही आढळते. पण ज्या समाजात नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला क्रमांक आहे आणि रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणभक्तीस दिला आहे, त्या समाजात ती अधिक घट्ट असणे स्वाभाविक होय. न ऐकणारा म्हणजे उद्धट, हे समीकरण म्हाताऱ्यांच्या स्वभावातून निघालेले नसून भाषेतूनच आलेले आहे.

आता यंत्राचा इतिहास. तो थोडक्यात पुरे. डोक्याला लावावयाचे ध्वनिग्राहक विसाव्या शतकाच्या आरंभी तारायंत्र आणि दूरध्वनी यांच्या कामगारांसाठी व नौदलासाठी होते. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस याने संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. परंतु तो घरात, ध्वनिमुद्रिकेच्या यंत्राशेजारी बसून वापरावयाचा होता. चालत्या माणसाच्या कानांत संगीत घालण्याचे कार्य १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनी कंपनीच्या वॉकमनने केले. या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यास दोन हेडफोन जोडण्याची सोय होती, आणि वर एक नारिंगी कळ होती. ती दाबली की गाणे मंद होई व शेजाऱ्याचे बोलणे सूक्ष्मध्वनिग्राहकातून कानांत येई. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मकथनात याचे कारण दिले आहे. ते यंत्र घरी आणून ऐकत बसले असता, आपणांस बाहेर ठेवले गेले अशा भावनेने त्यांची पत्नी त्रस्त झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा या यंत्राविरुद्धची पहिली नोंदलेली तक्रार टोकियोतील एका गृहिणीची आहे, आणि तिचा आशय यवतमाळच्या तक्रारीहून वेगळा नाही. गिऱ्हाइकांनी मात्र हे यंत्र एकट्याचेच मानले, आणि पुढील नमुन्यांतून ती नारिंगी कळ नाहीशी झाली. आज महागड्या इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज आत घेण्याची स्वतंत्र सोय असते व तिची जाहिरातही होते. म्हणजे काढून टाकलेली वस्तू चाळीस वर्षांनी पुन्हा विकावयास काढली आहे!

या यंत्रावरील विवेचनात दोन नावे अग्रगण्य आहेत. शुहेइ होसोकावा यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या निबंधात वॉकमनधारी पादचाऱ्याच्या चालण्याला एक प्रकारचे गुप्त नाट्य म्हटले. तो काहीतरी ऐकतो आहे हे सर्वांना दिसते, काय ऐकतो ते कोणालाच कळत नाही. रहस्य आहे एवढेच जाहीर होते. मायकेल बुल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडमधील वापरणाऱ्यांच्या मुलाखतींवरून असे दाखविले की, मनुष्य हेडफोनच्या साहाय्याने शहराच्या कोलाहलावर व स्वतःच्या मनःस्थितीवर ताबा मिळवितो. परक्या गर्दीत आपली एक खोली घेऊन हिंडतो. दोन्ही विवेचने मार्मिक आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते म्हणजे महानगरातील अपरिचितांचा समुदाय. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल याने १९०८ मध्येच म्हटले होते की, आगगाड्या आणि ट्रामगाड्या येण्यापूर्वी एकमेकांशी न बोलता माणसांनी तासन् तास एकमेकांकडे पाहत बसण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. हेडफोन हा त्या प्रसंगावरील तोडगा आहे, असे या परंपरेचे एकंदर म्हणणे आहे.

यवतमाळ जिल्ह्याला हे म्हणणे लावून पाहिले की ते सैल पडते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती, आणि तीपैकी नगरांत राहणारे साधारण पाचवा हिस्सा होते. पुसद, वणी, यवतमाळ ही गावे सोडली, तर अपरिचितांची गर्दी ही वस्तू येथे आठवडी बाजारापुरतीच भेटते, आणि तेथेही अर्धी माणसे ओळखीची निघतात. यवतमाळहून घाटंजीकडे जाणाऱ्या एस.टी.त हेडफोन लावणारा मुलगा ज्यांच्यापासून स्वतःला वेगळे करतो, ते परके नसतात. त्याच्या शेजारी मामाच्या गावचा मनुष्य बसलेला असतो, आणि तो आता 'कोणाचा रे तू?' असे विचारील ही भीती असते. झिमेलच्या ट्रामगाडीत मौन हाच शिष्टाचार, एस.टी.त मौन हाच शिष्टाचाराचा भंग. एकच यंत्र, पण एके ठिकाणी ते आधीच असलेल्या अबोल्यावर पांघरूण घालते आणि दुसरे ठिकाणी अबोला निर्माण करते. महानगरी सिद्धांत खेड्याला जसाच्या तसा लावणाऱ्यांच्या ध्यानात हा भेद येत नाही.

येथे हाक आणि ओ यांच्या व्यवहाराकडे वळले पाहिजे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये संभाषणाच्या आरंभाचे विश्लेषण करताना हाक व तिचे उत्तर ही एक अतूट जोडी आहे असे दाखविले. हाक मारल्यावर उत्तर आले नाही तर ते केवळ नसते असे नाही. त्याचे नसणे जाणवते, आणि हाक मारणारा त्यावरून लगेच अनुमान काढतो: झोपला असेल, रागावला असेल, बहिरा असेल, की मुद्दाम बोलत नसेल. तत्पूर्वी मालिनोव्स्की आणि याकोबसन यांनी भाषेच्या संपर्कस्थापक कार्याची चर्चा केली होती. परंतु मराठीने हे तत्त्व शब्दकोशातच नोंदवून ठेवले आहे. उत्तर देणे निराळे आणि ओ देणे निराळे. ओ या ध्वनीला स्वतःचा काही अर्थ नाही. मी येथे आहे, तुझ्यासाठी आहे, आता पुढे बोल, एवढेच तो सांगतो. तो 'देतात', म्हणजे तो देणे असते. आणि जे देणे असते ते न दिल्यास माणूस बाकीदार ठरतो.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीत हे देणे विशेष काटेकोर आहे. हाकेबरोबर येणारे 'गा', 'वो', 'बे' हे निपात नाते आणि सलगी यांची मोजणी करूनच लावले जातात. 'काय गा' हे पुरुषाला, 'काय वो' हे स्त्रीला, 'बे' हे बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला. त्यात चूक झाली तर भांडण. उत्तरातही तीच मोजणी चालते. बरोबरीच्याला नुसते 'ओ' किंवा 'काय' पुरते, वडीलधाऱ्याला 'जी' लागते. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांना हा 'जी' हिंदीचा वाटतो. पण विदर्भातील म्हाताऱ्याच्या कानाला त्यात मर्यादेचा सूर लागतो. म्हणून हेडफोन लावलेल्या मुलाकडून 'जी' येत नाही, तेव्हा हरवतो तो एक ध्वनी नव्हे. त्या क्षणापुरते नातेच स्थगित होते. पूर्वी या स्थगितीची कारणे मोजकी होती: झोप, पूजा, जेवण, आजार. ती सर्वांना दिसत व मान्य असत. आता त्यांत एक नवे कारण आले, आणि ते अद्याप मान्य झालेले नाही.

कानांत खाजगी ध्वनी घालणे ही गोष्ट मात्र नवी नाही, हे विसरता कामा नये. मराठी मुलाच्या कानांत आयुष्यातील पहिले नाव बारशाच्या दिवशी आत्या 'कुर्र' करून सांगते. गुरू कानमंत्र देतो. चहाडखोर कान फुंकतो. मैत्रिणी कानगोष्टी करतात. या सर्व प्रकारांत एक साम्य आहे. कानाच्या टोकाला एक तोंड असते, ते ओळखीचे असते, आणि जे सांगितले त्याची जबाबदारी त्या तोंडावर असते. हेडफोनमधील गाणे ही तोंड नसलेली कानगोष्ट आहे. ते इतक्या जवळून बोलते की इतक्या जवळून बोलण्याचा अधिकार एरवी फार थोड्यांना असतो. आणि तरीही ते कोणाचे कोणी नसते. तरुणांना त्याची जी ओढ वाटते, तिचे एक कारण हे असावे. ज्या घरात एकांत नाही, तेथे काही न मागणारी सलगी ही मोठीच चैन आहे.

या टप्प्यावर लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडून होणाऱ्या एका विलापाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. हेडफोनने गाणाऱ्या समाजाचे रूपांतर ऐकणाऱ्या समाजात केले, कष्टाच्या गाण्यांचा गळा आवळला, असे म्हटले जाते. कालानुक्रमाच्या दृष्टीने हे विधान टिकत नाही. जात्यावरची ओवी मुकी झाली ती पिठाच्या गिरणीने. मोटेवरचे गाणे गेले ते इंजिन आणि विजेच्या पंपाने. गाय प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हाच त्या गाणाऱ्या स्त्रिया आठवणीतून गात होत्या; दळण त्यांच्या हातून सुटू लागले होते. मोबाइलवरचे गाणे खेड्यात सर्वत्र पोचले ते २०१६ नंतर इंटरनेटचे दर कोसळल्यावर. ज्या जागेत ते आले ती जागा कित्येक वर्षे रिकामीच होती. किंबहुना मध्यंतरी तेथे बांधावरचा ट्रान्झिस्टर आणि पुढे टेपरेकॉर्डर येऊन गेले होते, आणि त्यांच्यावर हा आळ कोणी फारसा घेतला नव्हता; कारण ते सर्वांना ऐकू येत.

शिवाय ओवी ही सामूहिक आनंदाची वस्तू होती, ही समजूतही अपुरी आहे. पहाटेच्या अंधारात एकटी किंवा दुकटी स्त्री जात्यावर बसे आणि जात्यालाच सखा मानून सासर, माहेर, भाऊ, लेकरे यांविषयी बोले. दिवसा जे बोलता येत नव्हते ते ती जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलून घेई. म्हणजे ध्वनीच्या भिंतीआड स्वतःची खोली बांधण्याची कला या स्त्रियांना यंत्राच्या आधीपासून अवगत होती. सून आज रात्री भांडी आवरून कानांत इअरफोन घालते, ती त्याच खोलीच्या शोधात असते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की त्या खोलीत पूर्वी ती बोलत होती. आता ती दुसऱ्याचे बोलणे ऐकते. ओवी रचली जात होती. गाणे निवडले जाते. निवड हीसुद्धा अभिव्यक्ती आहे असे जे प्रतिपादन केले जाते, त्यात तथ्य असले तरी रचना आणि निवड यांना एका पंक्तीत बसविणे भाषेच्या अभ्यासकाला मान्य करणे कठीण आहे. भाषा तोंडात जगते. केवळ कानांत राहिलेली भाषा समजते, पण वाढत नाही.

कष्टाच्या गाण्यांविषयी कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, कामाच्या लयीतून गाणे उपजते. दळण, कांडण, कापणीची भलरी यांना तो नीट लागू पडतो. पण यवतमाळचे मुख्य काम जी कापसाची वेचणी, तीत अशी सामायिक लय नाही. प्रत्येक बाई आपल्या तासाने, आपल्या गतीने पुढे जाते. मजुरी किलोवर मिळते. डोळे आणि हात गुंतलेले, कान व तोंड मोकळे. असे काम गाण्यापेक्षा गप्पांना अनुकूल असते. कोणाची मजुरी थकली, कोणत्या शेतात भाव किती, कोणाची पोर आजारी, कोणाचे लग्न जमले, हे सारे वेचणीत एका तोंडातून दुसऱ्या कानाकडे जाते. तेव्हा वेचणाऱ्या बाईच्या कानांत गाणे आले, तर ते जुन्या गाण्याची जागा घेत नाही, गप्पांची घेते. अभ्यासकांनी गाणे गेले म्हणून शोक केला आणि गप्पांकडे लक्ष दिले नाही, कारण गप्पांचा संग्रह निघत नाही. पण मजुरीचा भाव बायकांना कळतो तो गप्पांतून. किती बायका एकत्र येऊन दोन रुपये वाढवून मागतील, हे ठरते तेही तेथेच. एकच मोबाइल बांधावर ठेवून मोठ्याने गाणी लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. तीत निदान गाण्यावरून बोलणे निघते.

आता ओ न देण्याचा हा नवा अधिकार सर्वांना सारखा मिळाला आहे काय, हा प्रश्न उरतो, आणि विषयाचे खरे गांभीर्य येथे आहे. एकाच घरातील दृश्य पाहावे. मुलगा खाटेवर पडून दोन्ही कानांत गाणे घेतो. आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा स्वतः उठून त्याच्यासमोर जाते, त्रागा करते, आणि ताट ठेवते. सून इअरफोन घालते ती पदराखालून, आणि एकाच कानात. दुसरा कान तिला मोकळा ठेवावा लागतो: सासूच्या हाकेसाठी, पाळण्यातील मुलासाठी, कुकरच्या शिट्टीसाठी. मुलाच्या बाबतीत ओ न देणे हा दोष, सुनेच्या बाबतीत गुन्हा. शेतमालकाने ट्रॅक्टरवर हेडफोन लावला तर त्याला शौक म्हणतात. सालगड्याने लावला तर कामचुकारपणा म्हणतात. हेडफोनमुळे व्यक्ती समाजापासून तुटते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी, तुटण्याची मुभा मुळात कोणाला आहे, हे पाहिलेले नाही. ज्याच्या हाकेला इतरांनी धावावयाचे, त्याचे दोन्ही कान व्यापलेले चालतात. ज्याने इतरांच्या हाकेला धावावयाचे, त्याला एकाच कानाचे संगीत मिळते. स्टिरिओ ध्वनीची सारी कारागिरी दोन कानांच्या हिशेबाने केलेली असते. तेव्हा यवतमाळच्या असंख्य श्रोत्यांनी ही गाणी पुरी अशी कधी ऐकलेलीच नाहीत, असे म्हणण्यास हरकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्याने गाणे लावण्याचा अधिकारही सर्वांना सारखा नव्हता व नाही. भोंगा आणि हेडफोन ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. एकाने स्वतःचे गाणे सर्वांवर लादावयाचे, दुसऱ्याने ते स्वतःपुरते ठेवावयाचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने एप्रिल २०२३ मध्ये बसगाड्यांत हेडफोनशिवाय मोबाइलवर गाणी वा चित्रफिती वाजविण्यास मनाई केली. तेथे हेडफोन हा सौजन्याचा भाग ठरला. परंतु काही गाण्यांच्या बाबतीत प्रश्न सौजन्याचा नसून जिवाचा असतो. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाची हत्या झाल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले आहे. अशा समाजात दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर भीमगीत कानांत घालून ऐकत असेल, तर त्याला एकलकोंडा म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र येथेच एक विसंगती उभी राहते. भीमगीताची घडण जलशातली. ते जमावाला उद्देशून आहे. त्यातील संबोधन अनेकवचनी आहे, त्याला समोरून टाळी आणि जयघोष यांची अपेक्षा आहे. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराने आयुष्यभर जी हाक गावोगाव दिली, ती हाक एका कानात पोचते आणि तिचा ओ ओठांवर येत नाही. गाणे सुरक्षित राहते. त्यातील हाक मात्र निरुत्तर राहते.

जिल्ह्यातील लहान भाषांचीही स्थिती अशीच आहे. पुसद-दिग्रस भागातील बंजारा मुलगा पुण्याच्या खोलीवर गोरबोलीतील होळीची लेंगी मोबाइलवर ऐकतो. कोलाम मुलगी आश्रमशाळेतून महाविद्यालयात येते आणि आपली भाषा कोणापुढे बोलत नाही. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा. एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि तिचे बहुसंख्य भाषक आजही याच जिल्ह्यात व त्याच्या शेजारी आहेत. बंजारा बोलीची गणना तर जनगणनेत हिंदीखालीच होते. या मुलांच्या कानांत त्यांची भाषा हेडफोनमुळे पोचते, शहरातही पोचते, आणि कोणी हसण्याची भीती राहत नाही. हा लाभ नाकारता येत नाही. पण भाषेची नोंद घेणारा तिऱ्हाईत, मग तो शेजारी असो, शिक्षक असो वा जनगणनेचा कर्मचारी असो, तिला ओठांवरच ओळखतो. कानांतल्या भाषेला साक्षीदार नसतो.

आरोग्याच्या प्रश्नावर येथे विस्तार नको. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यास चाळीस तास ही मर्यादा सांगितली आहे. आणि ट्रॅक्टरच्या किंवा एस.टी.च्या आवाजावर मात करण्यासाठी गाणे वाढविणारा श्रोता ती सहज ओलांडत असेल, हे उघड आहे. शेतात मात्र कानाचे काम संगीताहून जुने आहे. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसे मेली. ज्या वाघिणीवर त्यांचा ठपका होता, ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या जंगलात मारली गेली. जंगलाला लागलेल्या शेतात वानराचा खकारा, कुत्र्याचे एकाएकी थांबणे, पऱ्हाटीची सळसळ हे कानांवर पडावे लागते. ते ऐकावयाचे ठरवून ऐकता येत नाही. रात्री रानडुकरांपासून पीक राखणारा जागल्या मचाणावर बसतो. झोप येऊ नये म्हणून तो कानांत गाणे घालतो, आणि ज्याच्यासाठी जागावयाचे त्याची चाहूल लागावी म्हणून एक कान उघडा ठेवतो. कोणता कान उघडा ठेवावयाचा, हे तो जंगल कोणत्या बाजूला आहे त्यावरून ठरवितो.